रात्री दोनची कळ आणि वर्षानुवर्षांच्या गोळ्या

वाचक विचारतात

मागच्या अंकात डोकेदुखीच्या एका दुर्मिळ कुटुंबाची ओळख करून दिली होती. अर्धशिशीहून वेगळी, कायम एकाच बाजूला डोळ्याच्या खोबणीत किंवा कानशिलात उठणारी, आणि त्याच बाजूचा डोळा लाल करून नाक चोंदवणारी ही दुखणी. क्लस्टरची कळ पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत टिकते. पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनियाची दोन ते तीस मिनिटांची असते, पण दिवसातून पाचापेक्षा जास्त वेळा येते. संक्टमध्ये काही सेकंदांपासून दहा मिनिटांपर्यंतचे झटके बसतात. हेमिक्रेनिया कंटिन्युआ मात्र महिनोन् महिने थांबतच नाही. यावर आलेल्या पत्रांत निदानापेक्षा औषधांबद्दलच जास्त विचारलेले आहे: किती, किती दिवस, थांबवायचे कसे. खालचे आकडे डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावेत म्हणून दिले आहेत, आपल्या मनाने गोळ्या वाढवण्यासाठी नव्हेत.

प्रश्न: माझ्या मिस्टरांना, वय ४२, नऊ वर्षांपासून क्लस्टर हेडेक आहे. आधी दोन महिने येऊन जायचे, आता दीड वर्ष झाले, थांबलेच नाही. वेरापामिल ८० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, असे तीन आठवडे झाले. फरक शून्य. इथले डॉक्टर म्हणतात, ही बीपीची गोळी आहे, बीपी नॉर्मल असताना यापेक्षा जास्त देता येणार नाही. मग औषध लागू पडत नाही असे समजायचे का?
— वाचक, सांगली

उत्तर: नाही. तीन आठवडे २४० मिलिग्रॅम म्हणजे क्लस्टरसाठी फक्त सुरुवात झाली. वेरापामिल मूळचे रक्तदाबाचे आणि हृदयाच्या ठोक्यांचे औषध हे खरे, पण क्लस्टरमध्ये ते रक्तदाब उतरवून काम करत नाही. त्यामुळे बीपी नॉर्मल आहे म्हणून मात्रा अडवून धरण्यात अर्थ नाही. अडवायचे असेल तर ते ईसीजी पाहून. इटलीत २००० साली झालेल्या तुलनात्मक चाचणीतच रोज ३६० मिलिग्रॅम दिले होते. प्रत्यक्षात अनेकांना ४८० लागतात, आणि विशेष डोकेदुखी क्लिनिकांत काही रुग्ण ७२० किंवा ९६० मिलिग्रॅमवरही असतात. ‘वेरापामिल चालले नाही’ म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी केसेसमध्ये ते पुरेसे दिलेलेच नसते.

वाढवण्याची पद्धत ठरलेली आहे. औषध सुरू करण्यापूर्वी एक ईसीजी. मग २४० मिलिग्रॅम. साधारण दोन आठवड्यांनी रोजच्या मात्रेत ८० मिलिग्रॅमची भर, म्हणजे तीनपैकी एका वेळेला एकाऐवजी दोन गोळ्या. प्रत्येक वाढीनंतर दहाएक दिवसांनी पुन्हा ईसीजी, आणि तो पाहिल्याशिवाय पुढची वाढ नाही. ईसीजीच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात ‘पीआर’ (ठोक्याचा संकेत हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोचायला लागणारा वेळ) असे लिहून पुढे आकडा छापलेला असतो. तो २०० मिलिसेकंदांच्या आत हवा. दर वेळी १६०, १७८, १९६ असा चढत गेला तर २०० ओलांडायची वाट न पाहता हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. सगळे कागद एकाच फाइलमध्ये तारखेने लावून ठेवा, कारण एकट्या ईसीजीपेक्षा त्यांची रांग जास्त बोलते. लंडनच्या एका क्लिनिकने २००७ मध्ये वेरापामिल घेणाऱ्या १०८ क्लस्टर रुग्णांचे ईसीजी तपासून प्रसिद्ध केले, त्यात साधारण पाचातल्या एकाच्या ठोक्यांत काहीतरी गडबड निघाली. ती मात्रा वाढवताना दिसते, तशी एकाच मात्रेवर बराच काळ स्थिर असतानाही उशिरा उगवू शकते. म्हणून मात्रा स्थिरावल्यावरही दर सहा महिन्यांनी ईसीजी चुकवायचा नाही. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, जिना चढताना नवीनच लागलेला दम, नाडी मिनिटाला ५०च्या खाली, यांतले काही झाले तर त्याच दिवशी ईसीजी.

आणखी एक गोष्ट आजच घरी तपासा. क्लस्टरच्या बऱ्याच रुग्णांना आधी कधीतरी ‘मायग्रेन’ म्हणून प्रोप्रानोलोल सुरू झालेले असते आणि ते कुणी बंदच केलेले नसते. प्रोप्रानोलोल, मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल यांतले काहीही वेरापामिलबरोबर चालू असेल तर ठोके धोकादायक रीतीने मंद होऊ शकतात. मात्र ती गोळीही एकदम तोडायची नसते, डॉक्टरांना फोन करून ती कशी उतरवायची ते विचारा. कोलेस्टेरॉलसाठी सिमव्हास्टॅटिन असेल तर वेरापामिलबरोबर १० मिलिग्रॅमच्या वर जाता येत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक्स वेरापामिलचे रक्तातले प्रमाण वाढवतात, तेव्हा घसा धरला म्हणून परस्पर घेऊ नका. ग्रेपफ्रूटचा रसही हेच करतो. त्याच्याच कुळातले आपले पपनसही टाळलेले बरे.

मात्रा चढेपर्यंतचे दिवस कसे काढायचे हा खरा यातनेचा भाग. त्यासाठी मधला पूल म्हणून स्टिरॉइड देतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत प्रेडनिसोन १०० मिलिग्रॅम पाच दिवस, मग दर तीन दिवसांनी २० ने कमी, असा सतरा दिवसांचा कोर्स होता. पहिल्या आठवड्यात सरासरी झटके ७.१ झाले, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्या गटात ९.५. म्हणजे फायदा होतो, पण चमत्कार होत नाही. दुसरा पर्याय म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूला, ऑक्सिपिटल नसेजवळ स्टिरॉइडचे एकच इंजेक्शन. मधुमेह असणाऱ्यांना बऱ्याचदा तोंडावाटे कोर्सपेक्षा हे सोयीचे पडते, तरी काही दिवस साखर तपासावीच लागते. स्टिरॉइडचे कोर्स वर्षात पुन्हा पुन्हा घेत राहिल्यास खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडू शकतो. दर महिन्याला ‘तो सतरा दिवसांचा कोर्स’ मेडिकलमधून आणायचा नाही तो यासाठी.

प्रश्न: वेरापामिल ४८० वर मी बरा आहे, पण बद्धकोष्ठ भयंकर आणि संध्याकाळी पाय सुजतात. तीनदा घेण्याऐवजी २४० ची लांब चालणारी गोळी दोनदा घेतली तर चालेल का? शिवाय माझे झटके फक्त डिसेंबर ते फेब्रुवारी येतात, गोळी मात्र बाराही महिने चालू आहे.
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: शेवटच्या वाक्यातच तुमच्या बाकीच्या तक्रारींचा इलाज आहे. ठरावीक मोसमात येऊन जाणाऱ्या क्लस्टरला बारमाही गोळी लागत नाही. शेवटच्या झटक्यानंतर निदान दोन आठवडे कोरडे गेले की मात्रा उतरवायला घेतात, दर काही दिवसांनी ८० मिलिग्रॅम. मध्येच कळ उठली तर एक पायरी वर चढायचे, आठवडाभर तिथेच थांबायचे आणि पुन्हा उतरायचे. पुढच्या मोसमात पहिल्या एक-दोन झटक्यांतच सुरुवात करायची, आणि त्याआधी ताजा ईसीजी. मागच्या वर्षी ४८० सोसले म्हणून यंदा पहिल्याच दिवशी ४८० घ्यायचे नाही.

लांब चालणारी गोळी घेता येते, पण साध्या गोळीने क्लस्टरवर जास्त बारीक ताबा मिळतो असा बऱ्याच तज्ज्ञांचा अनुभव आहे. रात्री दोनलाच येणाऱ्यांचा झोपण्यापूर्वीचा भाग थोडा मोठा ठेवता येतो, ते लांब गोळीत जमत नाही. ती गोळी चुरून किंवा चावून तर मुळीच घेऊ नये, दिवसभराचे औषध एकदम सुटते. बद्धकोष्ठासाठी इसबगोल आणि भरपूर पाणी पहिल्या दिवसापासूनच सुरू करायला हवे होते. आता इतके घट्ट झाले असेल तर लॅक्ट्युलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल लागेल. पायाच्या सुजेवर लघवीची गोळी सहसा उपयोगी पडत नाही. मात्रा उतरली की सूजही उतरते. हिरड्या फुगल्या असतील तर दंतवैद्यांना वेरापामिलचे नाव सांगा, नाहीतर ते हिरड्यांचाच रोग समजून उपचार करत बसतील.

प्रश्न: करोनाच्या वेळी घेतलेले पाच लिटरचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरी आहे. ‘क्लस्टरला ऑक्सिजन लागू पडतो’ असे लेखात वाचून भावाला नाकात नळ्या घालून दिला. काही उपयोग झाला नाही.
— वाचक, नाशिक

उत्तर: होणारही नव्हता. तिथे तीन गोष्टी एकाच वेळी कमी पडल्या. क्लस्टरला १०० टक्के ऑक्सिजन मिनिटाला १२ ते १५ लिटरने, पंधरा ते वीस मिनिटे लागतो. कॉन्सन्ट्रेटर पाच लिटरच देतो, तोही नव्वद-पंच्याण्णव टक्क्यांच्या दरम्यान, आणि नाकातल्या नळ्यांभोवतून खोलीतली हवा सरळ आत येते. फुप्फुसांत पोचेपर्यंत त्याचे पार पातळ पाणी होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत १२ लिटरने पंधरा मिनिटे शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर ७८ टक्के झटके विरले, साध्या हवेने २० टक्के. इतके निर्धोक आणि इतके गुणकारी औषध या दुखण्यात दुसरे नाही. तरी चिठ्ठीवर ते क्वचितच लिहिलेले दिसते.

सामान असे लागते: मेडिकल ऑक्सिजनचे सिलिंडर, वेल्डिंगवाल्याकडचे नव्हे. १५ लिटरपर्यंत खुणा असलेला फ्लोमीटर. आणि खाली पिशवी असलेला नॉन-रिब्रीदर मास्क. मास्कच्या दोन्ही बाजूंच्या भोकांवर पातळ रबरी चकत्या असतात, त्या जागेवर आहेत का ते पाहा. पुष्कळ मास्कना एकाच बाजूला चकती असते, तेव्हा दुसरे भोक चिकटपट्टीने बंद करून घेतात. असा मास्क मात्र ऑक्सिजन चालू असतानाच तोंडावर ठेवायचा. आधी पिशवी पूर्ण फुगू द्या, मग मास्क गालांना घट्ट दाबून धरा. श्वास घेताना पिशवी थोडी आकसली पाहिजे. अजिबात हलत नसेल तर मास्क कडेने गळतो आहे. पुढे वाकून बसा, आडवे होऊ नका. आणि कळ चढायच्या आधी, डोळ्यात पाणी येऊ लागताच सुरू करा. अर्धा तास सोसून मग लावला तर त्याचा जोर कमी पडतो.

हिशेबही करून ठेवा. १२ लिटरने पंधरा मिनिटे म्हणजे एका झटक्याला १८० लिटर, १५ लिटरने वीस मिनिटे म्हणजे ३००. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७००० लिटर मावतात, तेव्हा २३ ते ३८ झटके निघतात. दीड हजार लिटरच्या छोट्यात पाच ते आठच. दिवसाला तीन झटके येणाऱ्याला छोटे सिलिंडर दोन-तीन दिवसही पुरत नाही, म्हणून घरी जम्बो आणि प्रवासाला छोटे. काटा निम्म्यावर आला की ऑक्सिजन निम्मा उरला, तेव्हाच दुसऱ्या सिलिंडरसाठी फोन करा. भिंतीला साखळीने बांधून उभे ठेवा, व्हॉल्व्हला तेल-ग्रीस लावू नका. आणि त्या खोलीत विडी-सिगरेट नाही. क्लस्टरच्या रुग्णांत ओढणारे पुष्कळ असतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो आहोत. भावाला जुना दमा-खोकला किंवा धूम्रपानाने फुप्फुसे निकामी होण्याचा आजार असेल तर छातीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय इतक्या जोराचा ऑक्सिजन देऊ नका.

प्रश्न: मला, वय ३४, तीन वर्षे डोक्याची उजवी बाजू सतत दुखायची. सायनस झाले, दोन दाढा काढून झाल्या. शेवटी हेमिक्रेनिया कंटिन्युआ निघाले. इंडोमेथासिन ७५ मिलिग्रॅमची लांब चालणारी कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ घेऊन दोन वर्षे पूर्ण आराम आहे. पण छातीत जळजळ होते, मेडिकलवाले म्हणतात की इतकी पेनकिलर घेऊन किडनी जाईल. बंद केली की दोन दिवसांत दुखणे परत. शिवाय बाळाचा विचार आहे.
— वाचक, कोल्हापूर

उत्तर: मेडिकलवाल्यांची काळजी खोटी नाही, पण तुमच्यासाठी ही नेहमीच्या अर्थाने पेनकिलर नाही. हेमिक्रेनिया कंटिन्युआ हे नाव १९८४ मध्ये नॉर्वेचे ओटार स्यास्ताद आणि त्यांचे सहकारी स्पिरिंग्ज यांनी दिले तेव्हापासून इंडोमेथासिनने पूर्ण थांबणे हीच या रोगाची खूण मानली जाते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक हे त्याच जातीचे, पण त्यांनी असा आराम पडत नाही. का, याचे पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही. तेव्हा प्रश्न औषध चांगले की वाईट हा नसून कमीत कमी किती कॅप्सूलींत तुमचे दुखणे झाकलेले राहते हा आहे. तो दोन वर्षांत कुणी विचारलेला दिसत नाही.

मात्रा उतरवून पाहा, डॉक्टरांना सांगून. ७५ ची लांब कॅप्सूल तोडता येत नाही आणि उघडून तर घ्यायचीच नाही. म्हणून आधी २५ च्या साध्या कॅप्सूल लिहून घ्या: दोन सकाळी, दोन दुपारी, दोन रात्री, म्हणजे तेच १५०. पहिले चार-पाच दिवस इथेच राहून साध्या कॅप्सूलवर आराम टिकतो का ते बघा. मग दर आठवड्याला एक कॅप्सूल कमी. वहीत रोज एकच नोंद, उजव्या बाजूचे दुखणे शून्य ते दहा. शून्य मोडून सलग दोन दिवस तीनच्या वर गेले की एक कॅप्सूल परत वाढवायची, तीच तुमची सध्याची मात्रा. बऱ्याच जणांची गरज काळाने कमी होते. काहींची ५०-७५ वर येते, थोड्यांची पूर्ण सुटते. काहींची तसूभरही हलत नाही. हा प्रयोग दर सहा महिन्यांनी करावा. परीक्षा, लग्नकार्य, घर बदलणे अशा धामधुमीत करू नये, कारण मग नोंदींचा अर्थ लागत नाही.

उतरवताना एका गोष्टीने फसगत होते. इंडोमेथासिनच स्वतः डोके दुखवते, पण ते दुखणे कपाळावर, दोन्ही बाजूंना, गरगरल्यासारखे, आणि गोळी घेतल्यानंतर तासा-दोन तासांत येते. ते उजव्या बाजूच्या मूळ दुखण्याबरोबर एकाच रकान्यात लिहू नका.

पोटासाठी पँटोप्राझोल ४० किंवा ओमेप्राझोल २० सकाळी उपाशीपोटी, इंडोमेथासिन मात्र जेवणानंतरच. ‘जळजळ झाली की’ पोटाची गोळी घेणे पुरेसे नाही. इंडोमेथासिन चालू आहे तोवर ती रोज हवी. हेलिकोबॅक्टर या जंतूची तपासणी एकदा करून घ्या. तो असेल आणि वर इंडोमेथासिन असेल तर अल्सरची शक्यता बरीच वाढते. रक्तदाब महिन्यातून एकदा, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि हिमोग्लोबिन दर तीन ते सहा महिन्यांनी. हिमोग्लोबिन हळूहळू उतरत असेल तर पोटातून थेंबथेंब रक्त जात असू शकते. डांबरासारखी काळी शौचास झाली तर थांबायचे नाही, दवाखाना गाठायचा. कंबर दुखली म्हणून त्यावर डायक्लोफेनॅक घेऊ नका, पॅरासिटामॉल घ्या. जुलाब-उलट्यांनी अंग सुकले असेल तर ते दिवस इंडोमेथासिन थांबवा. किडनी बिघडते ती मुख्यतः अशाच दिवसांत.

बाळाचे नियोजन आधीच करा, पाळी चुकल्यावर नव्हे. या जातीच्या औषधांनी काही स्त्रियांत बीज सुटणे लांबते, औषध थांबवल्यावर ते पूर्ववत होते. विसाव्या आठवड्यानंतर इंडोमेथासिन टाळतात, कारण बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी मिटण्याचा धोका असतो. पर्याय म्हणून टोपिरामेट सुचवले गेले तर तुम्ही बाळाच्या विचारात आहात हे आवर्जून सांगा, त्याने गर्भात टाळू-ओठ दुभंगण्याचा धोका वाढतो. गर्भारपणात ऑक्सिपिटल नसेचे इंजेक्शन हा बऱ्यापैकी सुरक्षित मार्ग उरतो. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि न्यूरॉलॉजिस्ट यांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचलेल्या असाव्यात, एवढे मात्र तुम्हालाच घडवून आणावे लागेल.

प्रश्न: आमच्याकडे मेळघाटात सालईची झाडे भरपूर. वैद्य म्हणतात सालई गुग्गुळ हा इंडोमेथासिनला पर्याय आहे. खरे का?
— वाचक, अमरावती

उत्तर: अर्धे खरे. सालईच्या डिंकातल्या बॉस्वेलिक आम्लांवर डोकेदुखीच्या डॉक्टरांनीही लिहिले आहे. इंडोमेथासिनने बरे वाटणाऱ्या पण ते न सोसणाऱ्या काही रुग्णांना, आणि जुनाट क्लस्टरच्या अगदी थोड्यांना, त्याचा उपयोग झाल्याच्या नोंदी आहेत. पण त्या नोंदी मोजक्या रुग्णांच्या आहेत, मोठी तुलनात्मक चाचणी नाही. शिवाय तिथे वापरला तो प्रमाणित अर्क, झाडावरून खरवडलेला डिंक नव्हे. डिंकात आम्ल किती हे झाडागणिक आणि मोसमागणिक बदलते. वापरायचेच तर इंडोमेथासिन चालू ठेवून त्यात अर्काची भर घाला, महिनाभर थांबा, आणि वर सांगितल्याप्रमाणे एकेक कॅप्सूल उतरवा. इंडोमेथासिन एका दिवसात टाकून अर्क सुरू केला तर दोन दिवसांत दुखणे परत येईल आणि दोष सालईला लागेल. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

प्रश्न: वडिलांना, वय ५८, क्लस्टरसाठी लिथियम ३०० दोनदा दिले आहे. ते तर मानसिक रोगाचे औषध ना? ते दरवर्षी वारीला जातात. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे.
— वाचक, सातारा

उत्तर: मानसोपचारात ते वापरतात, आणि १९७० च्या दशकापासून जुनाट क्लस्टरमध्येही. वेरापामिलच्या ईसीजीत अडचण आली की बहुधा याचाच नंबर लागतो. नावाला भिऊ नका, पण टेल्मिसार्टनकडे लक्ष द्या. त्या जातीच्या बीपीच्या गोळ्या, रॅमिप्रिलच्या जातीच्या, तसेच लघवी वाढवणारी हायड्रोक्लोरोथायझाइड, या सगळ्या किडनीतून लिथियम बाहेर पडणे कमी करतात. टेल्मिसार्टनच्या पट्टीवर ‘एच’ अक्षर असेल तर त्यात हायड्रोक्लोरोथायझाइडही आहे. डॉक्टरांना हे माहीत आहे का ते विचारा. बीपीचे औषध बदलणे बहुतेक वेळा सोपे असते.

रक्तातली पातळी तपासण्याची वेळ चुकली तर आकडा फसवा येतो. शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी रक्त द्यायचे: रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी त्यानंतर. मात्रा बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी, स्थिर झाल्यावर दर तीन महिन्यांनी. क्लस्टरसाठी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर पुरते, १.२ ओलांडले तर मात्रा तातडीने पाहावी लागते. क्रिएटिनिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि कॅल्शियम सुरुवातीला आणि मग दर सहा महिन्यांनी.

वारीत धोका आहे तो घामाचा आणि जुलाबाचा. शरीरातले मीठ-पाणी घटले की किडनी लिथियम धरून ठेवते आणि तीच मात्रा विषारी होते. मीठ एकदम तोडायचे नाही, एकादशीचा उपास निर्जळी करायचा नाही. पाय दुखले तर तळावर मिळणारी डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेनची गोळी घ्यायची नाही. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, हात ठळक थरथरू लागले, चाल डगमगली किंवा जीभ जड झाली तर पुढची गोळी न घेता जवळच्या रुग्णालयात जाऊन ‘लिथियम घेतो’ हे दोन शब्द सांगायचे. बरोबरच्या दिंडीकऱ्यालाही ते माहीत हवे, कारण तोवर स्वतःला धड बोलता येईलच असे नाही.

प्रश्न: संक्टसाठी बहिणीला लॅमोट्रिजिन २०० वर आराम होता. गावी मेडिकलमध्ये स्टॉक नसल्याने आठ दिवस गोळी चुकली. आता मिळाली आहे. २०० लगेच सुरू करू का?
— वाचक, गोंदिया

उत्तर: करू नका. सलग पाच दिवसांहून जास्त खंड पडला की लॅमोट्रिजिन पुन्हा तळापासून चढवावे लागते: रोज २५ दोन आठवडे, मग ५० दोन आठवडे, त्यानंतर दर एक-दोन आठवड्यांनी ५० ची वाढ. व्हॅलप्रोएट हे फिट्सचे औषध बरोबर असेल तर याच्या निम्म्या वेगाने, सुरुवात २५ एकाआड एक दिवस. एकदम २०० घेतल्यास अंगावर पुरळ येऊन कातडी सोलवटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. पुरळ बहुधा पहिल्या आठ आठवड्यांत येते. त्याबरोबर ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल झाले तर औषध थांबवून त्याच दिवशी रुग्णालय. संक्टच्या रुग्णाचा डोळा तसाही लाल होतो, म्हणून फरक ध्यानात ठेवा: संक्टमध्ये दुखऱ्या बाजूचा, आणि झटक्यापुरता. औषधाच्या त्रासात दोन्ही, आणि तसेच राहतात. गर्भनिरोधक गोळीत इस्ट्रोजेन असेल तर लॅमोट्रिजिनची पातळी जवळजवळ निम्मी होते, ती गोळी सुरू-बंद करताना डॉक्टरांना कळवायचे. मधल्या आठवड्यांत झटके असह्य झाले तर रुग्णालयात हृदयाच्या मॉनिटरखाली शिरेतून लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध देता येते. घरी एक जादा पट्टी कायम असू द्या.

प्रश्न: आई, वय ७१, रोज रात्री दोनला डोके दुखून उठते. डॉक्टरांनी झोपताना कडक कॉफी प्यायला सांगितले. थट्टा की काय?
— वाचक, रत्नागिरी

उत्तर: थट्टा नाही. पन्नाशीनंतर फक्त झोपेतच येणारी ही हिप्निक डोकेदुखी. अमेरिकेतल्या रस्किन यांनी १९८८ मध्ये तिचे पहिले वर्णन केले, तेव्हा लिथियमचा गुण दिसला होता. पण एकाहत्तराव्या वर्षी लिथियमपेक्षा कॉफी निश्चितच सुरक्षित, आणि आश्चर्य म्हणजे यातल्या बहुतेकांना ती पिऊनही झोप लागते. दोन-तीन आठवडे करून पाहा. मात्र तिच्या आधी रात्रीचा रक्तदाब, घोरताना श्वास अडकतो का याची तपासणी, एमआरआय आणि ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) झालेले हवेत. या वयात कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज आली तर नजर जाऊ शकते.

प्रश्न: मी न्यू जर्सीत असतो. पुण्यातल्या भावाला जुनाट क्लस्टर आहे, वर्षभर खंड नाही. इथे मिळणारे गॅल्कानेझुमॅबचे इंजेक्शन येताना घेऊन येऊ का?
— वाचक, न्यू जर्सी

उत्तर: पैसे वाचवा. अमेरिकेत जून २०१९ मध्ये त्याला मान्यता मिळाली ती मोसमी क्लस्टरसाठी, महिन्याला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या तीन सिरिंजा. भावाचा आहे त्या जुनाट प्रकारातल्या चाचणीत ते नकली इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही, आणि युरोपच्या औषध नियामकांनी क्लस्टरसाठी मान्यताच नाकारली. शिवाय दोन ते आठ अंशांत ठेवून सिरिंजा पुण्यापर्यंत आणणे हे वेगळेच काम. त्याच्या वेरापामिलची आताची मात्रा, शेवटच्या ईसीजीची तारीख आणि घरी कोणते सिलिंडर आहे, हे तीन प्रश्न त्याला आधी फोनवर विचारा.